वाटेत कूस बदललेला ढग

“हे डबडं हलवा कुणीतरी. चहा ठेवायला जागा नाही,” अशी कुरकुर अगदी कानाशी झाली आणि गरम कप माझ्या डोक्यावर आला.

मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. मी एक जुना चुंबकमापक, म्हणजे चुंबकत्वाचा जोर आणि दिशा सांगणारं यंत्र आहे. आम्ही जुळे भाऊ, एकाच टेबलावर, एकाच ताईच्या हातून घडलो. भाऊ यानात बसून सूर्याच्या वाटेवर पहाऱ्याला गेला. मी प्रयोगशाळेत राहिलो, त्याचं काही दुखलंखुपलं तर मला तपासून कळावं म्हणून. सुरुवातीला पाहुणे आले की माझ्यावरचं मऊ फडकं काढून मला कौतुकाने दाखवत. पुढे फडकं गेलं, कप आले.

सूर्यावर स्फोट झाला की तापलेल्या वायूचा प्रचंड ढग सुटतो. पोटात चुंबकत्व घेऊनच निघतो. पण निघतो तसा पोचत नाही. वाटेत फुगतो, दबतो, कूस बदलतो. मागून वेगवान ढग आला तर दोघं एकमेकांत घुसतात आणि बळ वाढतं. प्रवासात माणसंही बदलतात म्हणा, पण ती निदान पोचल्यावर तोंड धुतात.

ढगाचं चुंबकत्व उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकी कवच त्याला बरंचसं बाहेर ठेवतं. दक्षिणेकडे असेल तर कवच उघडतं, आणि विजेच्या लांब तारांतून भलताच प्रवाह धावतो.

त्या दिवशी दोन ढग वाटेवर होते. आमच्या सरांनी ते निघताना पाहिले होते, त्यावरूनच सकाळी सगळ्यांना कळवलं की घाबरू नका, दोन्ही उत्तरेकडचे आहेत. मागच्या खेपेला त्यांनी धोक्याचा इशारा दिला, वीज बंद ठेवली गेली, पण झालं काहीच नाही; शहर उगाच अंधारात राहिलं आणि त्यांना पोटभर बोलणी खावी लागली होती.

दुपारी भावाचे आकडे आले. दोन नव्हे, एकच ढग. जोर कितीतरी जास्त, आणि तोंड दक्षिणेकडे.

मग सर म्हणाले, यंत्र म्हातारं झालंय, जोर वाढला की दिशा उलटी दाखवत असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला बरं वाटत होतं ना.

ताईने मान डोलावली नाही. तिचा नवरा त्या वेळी वीजकेंद्रात, तेलाने भरलेल्या थोरल्या ट्रान्सफॉर्मरपाशी कामावर होता. भलता प्रवाह आला की तो तापणार, आणि तापला की पेटणार. तेवढ्यात नवऱ्याचाच फोन आला.

“तुमचा पाहुणा दारावरून जाणार की घरात शिरणार, तेवढं सांग बाई.”

“थांब जरा,” ताई म्हणाली. फोन चालूच ठेवून तिने माझ्यावरचा कप उचलला, मला तारेच्या वेटोळ्यात बसवलं आणि तारेत वीज सोडून भावाने कळवलं तेवढंच चुंबकत्व दिलं, त्याच दिशेने.

मित्रांनो, जुन्या यंत्राला पुसा, जपा. पण ते नकोसं काही सांगू लागलं की त्याच्या वयाकडे बोट दाखवू नका. मी दक्षिण दाखवली. तिने जोर वाढवला. तरीही दक्षिणच.

कुणी सरांकडे बघेना. फोनमधून ट्रान्सफॉर्मरची घुरघुर ऐकू येत होती. ती आता जड झाली होती.

सरांनी फोन हातात घेतला.

“ट्रान्सफॉर्मर बंद करा आणि सगळे बाहेर निघा. यंत्र बरोबर आहे. सकाळी मी चुकीचं सांगितलं.”