शुक्रवारची राखण

साल दोन हजार सोळा, वार शुक्रवार. अमरावतीच्या भाजीबाजारात एकाहत्तर वर्षांची माणिकबाई त्या दुपारी आपली वांगी सोडून शेजारच्या जहीर लोहाराच्या पेटीवर बसली होती. तो नमाजला गेला की त्याचे विळे-सत्तूर ती राखायची. एकादशीला ती देवळात गेली की तिची भाजी तो विकायचा, आणि तीही तिच्यापेक्षा महाग. दोघांच्या बापांपासून हे चालत आलेलं.

सकाळीच अकोल्याकडून कुणाच्या तरी मोबाइलवर एक भडकावणारा व्हिडिओ आला होता. खरा की खोटा, विचारायला कुणी थांबलं नाही. दुपारी काठ्या घेऊन शंभरेक जण बाजारात घुसले. पहिली हातगाडी पेटली तशी दुकानदारांनी शटरं ओढली. मग कुणाला तरी काठ्या कमी वाटल्या आणि गर्दी लोहाराच्या दुकानाकडे वळली. पुढे शुभम, तिच्या सख्ख्या भावाचा, ओमप्रकाशचा मुलगा.

"आत्या, ऊठ. तुले कोनी हात लावत नाही."

"माल माह्या ताब्यात हाय. जहीर आला की त्याले माग."

कुणीतरी तिच्या उजव्या मनगटावर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. डाव्या हातानं तिनं पेटीची कडी धरली. तेव्हा शुभमनंच तिचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं. पेटी फुटली. प्रसाद वाटावा तसे सत्तूर हातोहात गेले.

धूर बघून जहीरचा धाकटा भाऊ गुलफाम धावत आला आणि तुडवलेल्या टमाट्यांवरून घसरला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. दोन्ही शुभमचे. माणिकबाई चार हात अंतरावर पडली होती. गुलफामचे पाय थांबेपर्यंत तिला सगळं दिसत होतं. रक्त वाहत तिच्या वांग्यांच्या पोत्याखाली गेलं.

माणिकबाईच्या हाताला प्लास्टर असताना ओमप्रकाश तीनदा दवाखान्यात आला. भाकर आणली, पाय धरले, रडला. बाकी कुणाचंही नाव घे, म्हणाला, पण आपल्या पोराचं नको. तिसऱ्यांदा मात्र रडला नाही. "आपल्या मानसाले आपण नाही वाचवायचं, त मंग कोनं?"

माणिकबाईला पन्नास सालचा जानेवारी आठवत होता. पाच वर्षांची ती वडिलांच्या, आबांच्या खांद्यावर होती. झेंड्याचा खांब जहीरच्या आज्यानं घडवला होता, झेंड्यात बांधायची फुलं आबांच्या मळ्यातली होती, आणि कायद्यापुढे सगळे सारखे, हे एका मास्तरांनी पेपरातून मोठ्यानं वाचलं होतं. आबांनी ते त्यांना दोनदा वाचायला लावलं होतं.

"ओम्या," ती म्हणाली, "त्या गर्दीतबी हेच होतं. हा आपला, तो त्यायचा. आता कोर्टातबी तसंच करू का मी? मंग आबानं झेंडा कावून लावला होता?"

त्यानं डबा उचलला आणि गेला.

खटला अडीच वर्षांनी उभा राहिला. अकरा दुकानदारांनी आम्ही आत होतो, काही दिसलं नाही, असं सांगितलं. शुभमच्या वकिलानं माणिकबाईला चिडवलं, आजी, या वयात एवढ्या गर्दीतला चेहरा ओळखता येतो? तिनं वाकड्या राहिलेल्या मनगटाचा हात उचलून शुभमकडे बोट केलं.

"गुलफामले ह्यानं मारलं. माह्या मांडीवर वाढला साहेब, ह्याले ओळखाले चूक कशी होईन?"

शुभमला जन्मठेप झाली. तुरुंगात तो सुतारकाम करतो. त्याच्यासोबतचे चौघे आरोपी सुटले, त्यांतल्या एकाचे वाढदिवसाचे फलक आता बाजारात लागतात. जहीर दुकान विकून अचलपूरला सासुरवाडीजवळ गेला. गुलफामची बायको महेजबीन नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात शिलाई करते. मुलगी अलीझा बारावीला आहे. ओमप्रकाश एकवीस साली वारला, आणि ती बातमी बहिणीला तिसऱ्या दिवशी परक्याकडून कळली.

माणिकबाई ऐंशीची आहे. तराजू उचलत नाही म्हणून भाजी सोडली. ओमप्रकाशच्या मागे त्याची बायको गोदाबाई एकटीच पडली. ती महिन्यातून एकदा मुलाला भेटायला तुरुंगात जाते आणि माणिकबाई तिच्यासोबत जाते. शुभम आईला भेटतो. आत्याला भेटायला तो नाही म्हणतो. ती बाहेरच्या बाकावर बसते, आणि गोदाबाई आली की तो जेवतो का, एवढं विचारते.