होसोया-सानना निरोप

नंदकिशोर आणि नयनाच्या मिन्शुकूत, म्हणजे त्यांच्या घरगुती खानावळ-कम-मुक्कामाच्या जागेत, नाव ठेवायला जागा नव्हती. गाद्या जाड, अंघोळीचं पाणी कढत, सकाळी मिसो सूपच्या जोडीला थालीपीठ. अडचण एकच होती. पाहुण्याला तिथून निघताच येत नसे.

योकोहामातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून दोघं क्योतोच्या उत्तरेकडच्या या खेड्यात आले, तेव्हा शेजारच्या शिगेनो आजींनी नंदकिशोरला पहिल्याच दिवशी दम भरला होता. ‘‘पाहुणा दिसेनासा होईपर्यंत यजमानाने दारातून हलायचं नाही. त्याने वळून पाहिलं की वाकायचं. आधी आत गेलात, तर गावात तोंड दाखवू नका.’’ नंदकिशोरने हे इमानदारीत पाळलं. पण दारापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता भाताच्या शेतांमधून सरळसोट जायचा, आणि थांब्यावरचा माणूससुद्धा दारातून स्वच्छ दिसायचा. यजमान उभा म्हणून पाहुणा वळे, पाहुणा वळतो म्हणून यजमान उभा राही. बस बिचारी वेळ पाळणारी. ती निघून जाई.

यावर त्याने तोडगा काढला होता. पाहुण्याला गाडीत कोंबायचं आणि थेट स्टेशनवर सोडायचं. आज नेमकी गाडी गॅरेजमध्ये होती, आणि आज नेमके जायचे होते होसोया-सान.

होसोया-सान गावच्या कचेरीतल्या पर्यटन विभागाचे, घर पारखायला म्हणून मुक्कामाला आलेले. पानं लाल होण्याच्या दिवसांत येणाऱ्या सहलींना कुठल्या घरी उतरवायचं, हे दुपारच्या बैठकीत ठरणार होतं, आणि नंदकिशोर-नयनाच्या घराची बाजू मांडायला तेच एकटे होते. सहली मिळाल्या तर मिन्शुकू तगणार होतं. नाहीतर परत योकोहामा, परत सोमवारची मीटिंग.

‘‘आज दारात एक शब्द बोलायचा नाही,’’ त्याने सकाळीच नयनाला बजावलं होतं.

‘‘मी कशाला बोलतेय?’’ ती म्हणाली. आणि होसोया-सान पहिला बूट घालेपर्यंत खरंच गप्प बसली.

‘‘होसोया-सान, तुमच्या आईंचे गुडघे आता कसे आहेत?’’

होसोया-सान दुसरा बूट हातात घेऊन पायरीवर पुन्हा टेकले. गुडघे झाले, गुडघ्यांचे डॉक्टर झाले, मग नयना लाडू बांधून द्यायला आत पळाली. माणसाने ‘निघतो’ म्हटल्यावरच तिला खरं बोलायचं सुचतं, त्याला कोण काय करणार? नंदकिशोर खांब धरून उभा होता.

अखेर होसोया-सान निघाले. चार पावलं चालले, वळले, वाकले. हे दोघं वाकले. पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. लांब डोंगराच्या वळणावर बस दिसायला लागली आणि होसोया-सान अजून अर्ध्या रस्त्यात.

‘‘नयना, आत चल. आपण दिसतोय तोवर ते वळत राहणार.’’

‘‘वेडा आहेस का? आजी बघतायत!’’

कांद्याच्या वाफ्यात शिगेनो आजी खुरपं घेऊन खरोखरच बघत होत्या.

तेव्हा नंदकिशोरच्या डोक्यात प्रकाश पडला. कुणीतरी दिसेनासं होईपर्यंत हलायचं नाही ना? मग कोणी दिसेनासं व्हायचं, ते कुठे ठरलंय! ‘‘आडवी हो!’’ असं ओरडत त्याने अंगणातल्या मुळ्यांच्या वाफ्यात स्वतःला झोकून दिलं. नयनाने क्षणभर कपाळाला हात लावला आणि तीही शेजारी आडवी झाली.

होसोया-सान वळले, तर आत्तापर्यंत वाकत असलेले दोन्ही यजमान जमिनीवर! त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली. बॅग आणि लाडू छातीशी धरून ते परत घराकडे धावत सुटले. त्यांच्या पाठीमागे बस आली, थांबली आणि गेली. त्यांच्याआधी शिगेनो आजी पोहोचल्या होत्या. उन्हाने चक्कर आली असणार, असं ठरवून त्यांनी बादलीभर पाणी दोघांवर ओतलंसुद्धा.

चिखलात बसून नंदकिशोरने सगळं खरं सांगून टाकलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. होसोया-साननी बॅग आणि लाडू पायरीवर ठेवले. मग त्यांनी कचेरीत फोन लावला.

‘‘मला बैठकीला येता येणार नाही,’’ ते फोनलाही वाकत म्हणाले. ‘‘नाही, घर छान आहे. जेवण छान आहे. मला इथून निघता येत नाहीये.’’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ‘‘हो. अगदी तसंच लिहा.’’

तसंच लिहिलं गेलं, आणि बैठकीतल्या लोकांना ती या घराची सगळ्यात मोठी शिफारस वाटली. सहली मिळाल्या. अट एकच. दारापुढे थोड्या अंतरावर उंच झाडांचं कुंपण लावायचं आणि रस्ता त्याच्या मागून वळवायचा, म्हणजे पाहुणे लवकर दिसेनासे होतील.

कुंपण लागलं. पानं लाल झाली. पहिली सहल दोन दिवस राहिली, थालीपिठं फस्त करून निघाली, वाकली आणि कुंपणामागे गेली. दिसेनाशी झाली. इतकं सोपं!

‘‘सुटलो,’’ नंदकिशोर म्हणाला. ‘‘चल आत.’’

नयना हलली नाही. ‘‘गेलेसुद्धा?’’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

खरं तर त्यालाही आत जाववेना. घर एकदम मोकळं वाटायला लागलं होतं, आणि आतापर्यंत पाहुण्यांना कटवायची घाई केल्याची त्याला लाज वाटली. तो चवड्यांवर कुंपणाच्या टोकापर्यंत गेला आणि त्याने हळूच मान बाहेर काढली.

पलीकडून पूर्ण सहलीने माना बाहेर काढल्या होत्या.

सगळे वाकले. नयना धावत आली, तीही वाकली. थांब्यावरच्या बसच्या ड्रायव्हरने चिडून हॉर्न वाजवला. मग तोही खाली उतरला आणि वाकला.