उजवं पुढचं चाक

मालविकेच्या गाडीची चाकं वळताना आत घासत होती, म्हणून ती चारही चाकं जरा बाहेर सरकवणार होती. इथपर्यंत मला समजलं, पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. सरकवायचं म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मधे बोटभर जाडीची धातूची चकती घालायची. तिला स्पेसर म्हणतात. मी विचारलं, जे आधीच घट्ट बसलंय त्याच्या मधे आणखी काही घातलं तर ते सैल नाही का होणार? ती म्हणाली, "नीट बसवलं तर नाही होत, बाबा." याला काही उत्तर म्हणत नाहीत.

मी देवदत्त, काशीतला भिक्षुक. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे. तिथे समोरून स्कूटर आली तरी भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, त्यामुळे गाडी मैदागिन चौकाजवळ ओळखीच्या एकांच्या अंगणात ठेवलेली असे. मुलीला नागपूरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती. ही जुनी गाडी ती एकटी चालवत तिथे नेणार होती, सातशे किलोमीटर. ट्रेनने जा, असं मला रोज म्हणावंसं वाटे. पण काही म्हटलं की ती कारण विचारते, आणि माझ्याकडे कारण नव्हतं, नुसती भीती होती. म्हणून मी गप्प बसे आणि इतर गोष्टींवरून चिडचिड करी.

सोमवारी संध्याकाळी तिने काम काढलं. मी यजमानांकडची पूजा आटपून तसाच अंगणात गेलो. आधीच्या मालकाने हौसेने रुंद चाकं लावून ठेवली होती आणि निस्तरायचं माझ्या मुलीने. लांब बोल्ट तिने आधीच वर्कशॉपातून बसवून घेतले होते. गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी स्टँड दिला, चाक काढलं आणि आतली जागा तारेच्या ब्रशने घासघास घासली.

"इतकं काय घासतेस? परातीसारखं लख्ख झालं की."

"एक कणसुद्धा राहायला नको, बाबा. चकती आतल्या धातूला पूर्ण भिडली पाहिजे."

हे मी ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू, स्पष्ट ऐकलं होतं.

मग गंज चढू नये म्हणून तिने तिथे तांबूस ग्रीसचा पातळ हात फिरवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती फाटकापाशी गेली. माझ्या खिशात पूजेतल्या अक्षतांची पुडी होती. जिथे ती बसणार त्याच बाजूचं हे पुढचं चाक. मी कुंकवाने माखलेले सात-आठ दाणे घेतले आणि त्या ग्रीसवर चिकटवले. ग्रीसही लाल, अक्षताही लाल, वर अंधारून आलेलं. कण म्हणजे घाण एवढंच मी धरलं होतं, अक्षत म्हणजेही कणच हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. ती फोनवर बोलतच परत आली, चकती सरकवली, चाक चढवलं आणि नट आवळायला लागली. आधी एक, मग त्याच्या समोरचा, थोडं थोडं करून चारही. शेवटी एक लांब पाना घेतला. हवा तेवढा जोर लागला की तो 'कट्' असा आवाज करतो. इतका क्रम आमच्यातले निम्मे लोक पूजेत पाळत नाहीत.

मंगळवारी ती रिंग रोडवर शंभर किलोमीटर फिरून आली. नवीन बसवल्यावर एकदा तपासावंच लागतं म्हणाली. तीन चाकांवर पाना ठेवला की नट जागचा न हलता कट् वाजे. उजव्या पुढच्या चाकाचे नट मात्र आधी पाव फेरा फिरले आणि मग वाजले. म्हणजे ते सैल पडले होते. तिने पुन्हा आवळले, बुधवारी पुन्हा फिरून आली, पुन्हा तेच. नवे नट आणून लावले, तरी तेच.

"पाना एक, हात एक," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन बरोबर आणि एक का नाही? समझ में नहीं आ रहा."

समजत मलाही नव्हतं. ज्या चाकाला आशीर्वाद, तेवढंच सैल! पहिला विचार मनात आला तो असा की दाणे कमी पडले. हसू नका, चाळीस वर्षं हेच केलेला माणूस दुसरा कुठला विचार करणार? मग वाटलं, मुहूर्त न बघता केलं म्हणून असेल. मग वाटलं, कुंकूच भेसळीचं असेल.

ती जमिनीवर बसून स्वतःशीच बोलत होती. "मधे काही अडकलं असेल तर असं होतं. आधी घट्ट लागतं, मग ते दबतं आणि नट सैल पडतात. पण आतलं मी स्वतः घासलंय, तिथे काही असणं शक्यच नाही. म्हणजे माझं आवळणंच चुकतंय."

चोराच्या मनात चांदणं. माझा हात आपोआप खिशावर गेला. पण मी बोललो नाही.

रात्री जेवताना शरदिनी, माझी बायको, म्हणाली, "मालू, ट्रेनने जा गं. गाडीचं मागून बघू." एरवी यावर तासभर वाद झाला असता. मुलगी म्हणाली, "बरं. माझ्या हाताला नाही जमत हे, आई." आणि तिने जेवता जेवताच फोनवर शनिवारचं तिकीट काढलं. मला जे हवं होतं ते मी तोंडही न उघडता मिळालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आमच्या घरात नळ, मिक्सर, इस्त्री, सगळं मालविका बघते. कॉलेजात असल्यापासून तिने कुणाला हात लावू दिलेला नाही. आईने हाक मारली तर ती खोलीतूनच म्हणाली, "प्लंबरला बोलव." मी नळाखाली तांब्या ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. मुलगी सुखरूप राहावी एवढंच मी मागितलं होतं, आणि हे भलतंच होऊन बसलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती गाडीवर कव्हर घालायला निघाली तसा मीही बरोबर गेलो. अंगणात पोचल्यावर म्हणालो, "मालू, त्या चाकात अक्षता आहेत."

"काय?"

"मी ठेवल्या. तू फोनवर होतीस तेव्हा."

तिने जॅक काढला. गाडी उचलली, चाक काढलं, लाकडी हातोडीने ठोकून चकती सैल केली. चकतीच्या मागे एका जागी लालसर पीठ दाबून बसलं होतं. तिने ते नखाने खरवडलं आणि बराच वेळ बोटावर धरून बघत राहिली.

"म्हणजे माझं आवळणं बरोबर होतं," ती म्हणाली. आणि रडायला लागली. दहावीनंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी. मधे काही अडकलं असेल, असं तू म्हणालीस तेव्हाच."

"मी तिकीट काढायच्या आधी?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

इतकी वर्षं लोकांना प्रायश्चित्तं सांगत आलो, पण मी स्वतः कुणापुढे चुकलो म्हटल्याचं आठवत नाही. "चुकलो," मी म्हणालो. "तू ट्रेनने जावंस असं मला वाटत होतं. मला भीती वाटते, मालू. एवढा रस्ता, तू एकटी."

तिने डोळे पुसले. सगळ्या गालावर ग्रीस लागलं. मग ब्रश उचलला आणि ती जागा पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतली.

"मलाही वाटते, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर इतकं घासते."

दुपारी तिने शंभर किलोमीटर फिरून येऊन पाना लावला. चारही नट जागचे न हलता कट् वाजले. तिकीट तिने माझ्यासमोर रद्द केलं. शनिवारी ती गाडीनेच गेली.