तीस म्हाताऱ्यांचं वय

च्यू सू-लुआन बाईंना मानसशास्त्र विभागाबद्दल चार वर्षांत फारसा आदर कधी वाटलाच नव्हता. या शुक्रवारी तर उरलासुरलाही संपला.

चौतीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि मग विज्ञानाची पदवी घ्यायला इथे आल्या होत्या. पदवीसाठी जे जे मागितलं ते त्यांनी दिलं. दोन सत्रं संख्याशास्त्र केलं, मेंदूचे काप पाहिले, उंदीर किती वेळा कळ दाबतो याच्या वह्या भरल्या. आता राहिले होते फक्त तीन तास. प्रत्येक विद्यार्थ्यानं बारा तास दुसऱ्यांच्या प्रयोगांत बसायचं, असा नियम होता. प्रश्नावल्या भरून नऊ तास झाले होते. त्यापुढे मात्र जो तो प्रयोग अठरा ते तीस वयाचीच माणसं मागत होता.

"माणसाचं मन समजून घ्यायचंय म्हणे यांना," त्या कचेरीतल्या शिऊ-फनला म्हणाल्या. "आणि यांचा माणूस तिसाव्या वर्षी संपतो!"

"बाई, माझ्यावर कशाला चिडता? आज पाचच्या आत नोंद आली नाही, तर जूनच्या यादीत तुमचं नाव नाही. आणि पदवी नाही तर सप्टेंबरची समुपदेशनाची जागाही गेली." शिऊ-फननं आवाज खाली आणला. "कुआन-यूकडे जा. त्याला म्हातारी माणसं हवीत. एकच कमी आहे म्हणत होता."

कुआन-यू पीएच.डी. करत होता, म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीवर. त्याच्या टेबलावर कोहळ्याच्या चहाचे तीन रिकामे पेले होते. बाईंना पाहताच त्यानं खुर्ची पुढे केली.

"बसा, बाई, बसा! बरोबर तीन तासांचं काम आहे. वय?"

"त्रेसष्ट."

त्याचा चेहरा पडला. "पासष्ट लागतं हो." मग त्यानं बोटांवर काही मोजलं आणि त्याची कळी खुलली. "बारा प्राण्यांच्या चक्रात तुमचं जन्मवर्ष बैलाचं ना? मग झालात की पासष्ट! पोटातलं एक धरायचं, नववर्षाला एक चढवायचं. माझी आजी तसंच मोजते. मंदिरात नवस बोलताना तुम्ही काय सांगता?"

"पासष्ट."

"बघा! म्हणजे खोटंही नाही."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या मुलाकडे त्या असंच पाहायच्या.

"देवाला सांगितलेलं वय वेगळं, शहाण्या. देव काही त्याची सरासरी काढत नाही."

"एका माणसानं काय बिघडतंय, बाई? तुमचीही पदवी होईल, माझेही तीस पुरे होतील."

खरं तर पेन बाईंच्या हातातच होतं. पासष्ट लिहायला किती वेळ लागतो? सप्टेंबरची ती जागा त्यांनी दोन वर्षं डोळ्यांपुढे ठेवली होती. पण त्यांच्या मनात भलतंच काही आलं.

"बाकीचे एकोणतीस तू आणलेस कुठून?"

"मंदिरापुढे पारावर चहा पीत बसतात ना, ते आजोबा. भले लोक आहेत."

"आणि त्यांची वयं?"

"विचारली की त्यांनाच."

"ओळखपत्र पाहिलंस?"

कुआन-यू हसायला लागला आणि मध्येच थांबला. पारावरच्या आजोबाला वय विचारलं तर तो कुठलं सांगणार, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"सहा वर्षं शिकतोयस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "यंत्रं आणलीस, आलेख काढलेस, मेंदूची रंगीत चित्रं भिंतीवर लावलीस. आणि जन्मतारीख विचारायची राहिली. माझ्या पहिलीच्या वर्गात याला मी पुन्हा लिही म्हटलं असतं. लाव फोन."

"आत्ता? बाई, पावणेदोन झालेत. तुमचे तीन तास दोनला सुरू झाले नाहीत तर..."

"मला घड्याळ कळतं. पहिलं नाव वाच."

पहिले होते लाय आजोबा, वहीत सहासष्ट. फोनवर ते खूश झाले. "वर्ष? उंदराचं! महिना अकरावा. का रे, बक्षीस आहे का काही?"

बाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "चौसष्ट. खोड."

कुआन-यूनं खोडलं. दुसरे आजोबा खरेच सत्तरीचे निघाले, तिसऱ्यांनी आधी जेवण झालं का विचारलं, मग तब्येतीचं गाऱ्हाणं सांगितलं आणि शेवटी त्यांचं वय चौसष्टच भरलं. अकराव्या फोनपर्यंत चार नावं गेली होती. अडीच वाजले. बाईंच्या तीन तासांना आता पाचच्या आत जागा उरली नव्हती. कुआन-यूच्या ते लक्षात आलं.

"बाई, सही करून टाकू का? न बसताच? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. आणि आता तुलाही कळेल. एकच कमी म्हणून तू बाहेर शोधत होतास, आणि वहीतलेच चार कमी निघाले!"

पाचच्या सुमारास शिऊ-फन दाराशी आली. "बाई, झाली का नोंद? मी यादी पाठवतेय."

"पाठव," बाई म्हणाल्या. "माझ्याशिवाय."

"तीन तासांसाठी अख्खं सत्र जास्त बसणार?"

"हो. पुढच्या आठवड्यात मुदतवाढीचा अर्ज काढून ठेव."

शिऊ-फन मान हलवत गेली. कुआन-यूच्या वहीत आतापर्यंत सात आडव्या रेघा ओढल्या गेल्या होत्या. त्यानं फोन खाली ठेवला.

"उरलेले सोमवारी केले तर चालेल ना, बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि खुर्ची त्याच्या टेबलाजवळ ओढून बसल्या. "तेविसावं नाव वाच."