पांढऱ्या टोपीतला बाबा

पेडगावातून समुद्र पाहायचा तर आधी परभणी गाठायची, मग मनमाडला गाडी बदलायची. तरी बहात्तरच्या उन्हाळ्यात गावाला समुद्राची खडान्‌खडा माहिती होती, कारण बौद्धवाड्यातला पंडित नौदलात होता. शेजारच्या मुलखात यादवी पेटली, तिचं युद्ध झालं, त्यात पंडितच्या जहाजाला आग लागली. तो इंजिनखोलीत दोनदा उतरला आणि तीन माणसं ओढून वर घेऊन आला. त्याबद्दल त्याला पदक मिळालं. पारावर मात्र तिनाची तेरा माणसं झाली होती, आणि आगीच्या जोडीला एक मगरही आली होती.

पंडितची बायको सुजाता हिला मगरीचं काही नव्हतं. तिला घोर होता रजेचा. पंधरातले अकरा दिवस सरले आणि सव्वा वर्षाची मित्रा अजून बापाकडं जात नव्हती. लेक जन्मली तेव्हा तो समुद्रावर होता. आता ओळख पटली नाही, तर बाप म्हणजे चार दिवसांचा पाहुणा असंच पोरीच्या मनात बसायचं, हे सुजातानं धरून ठेवलं होतं.

चूक तिचीच. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली बाई, रोज लेकराला भिंतीवरच्या फोटोपुढं धरून तिनं पढवलं होतं, "बघ, बाबा." फोटोत पंडित पांढऱ्याशुभ्र वर्दीत, डोक्यावर पांढरी टोपी. पोर हुशार निघाली. पांढरे कपडे आणि पांढरी टोपी म्हणजे बाबा, हे तिनं पक्कं केलं. आणि पेडगावात धोतर-सदरा अन् पांढरी टोपी नसलेला पुरुष हुडकावा लागला असता. मित्रा दारातून जाईल त्याला बाबा म्हणायची, आणि लुंगीतला, उघड्या डोक्याचा पंडित जवळ आला की भोकाड पसरायची.

"गावभर बाप झाले गं तुझ्या लेकीला," सासू चांगुणाबाई म्हणायची. "खरा तेवढा नापास."

पंडितनं तोंडानं जहाजाचा भोंगा वाजवून दाखवला. घोडा झाला. घोड्याला बघून पोर जास्तच रडली.

"वर्दी घाला की एकदा," सुजाता म्हणाली.

"लेकीला भेटायला वर्दी? ती काय कप्तान हाय का?"

"कप्तानाच्या वर हाय," चांगुणाबाई म्हणाली. "कप्तानापुढं तू असा घामाघूम होत नसशील."

शेवटी गावानं पदकासाठी ठेवलेल्या सत्काराच्या दिवशी वर्दी निघालीच. सुजातानं तांब्यात निखारे घालून तिला इस्त्री केली आणि लेकीला घेऊन शाळेच्या पटांगणात ती मंचाला खेटून उभी राहिली. सरपंच किशनरावांनी हार घातला. पंडितनं हात पुढं केले. मित्रानं त्याच्याकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग त्याच्या शेजारी पाहिलं. तिथं तसलेच पांढरे कपडे होते, तसलीच टोपी होती, वर मिशाही होत्या.

"बाबा," ती म्हणाली, आणि पंडितच्या हातांवरून झेपावून तिनं किशनरावांच्या गळ्याला मिठी मारली.

बौद्धवाड्यातलं लेकरू किशनरावांनी आजवर कडेवर घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता ते सगळ्या गावादेखत तिथं होतं, आणि एका मुठीत त्यांची टोपी होती. त्यांना पोर धरवेना, ठेववेना. सुजाता हात पुढं करणार, तोच मागून पारावरच्या सटवाजीचा आवाज आला.

"किशनराव, लेक झाली तुमाला, मंग जेवण कदी घालायलाव?"

लोक हसले. किशनराव लाल झाले, मग तेही हसले. "तुझं आपलं ध्यान जेवणातच," ते म्हणाले, पोरीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि सगळं भाषण बसूनच केलं. मधेच थांबून म्हणाले, "पंडित, आगीत उतरणं सोपं असंल गड्या. ही माझी मिशी उपटायलीय."

पंडित हसला, पण घरी येऊन त्यानं वर्दी काढली ती पेटीतच घातली.

"तीन दिवस राहिले," सुजाता म्हणाली.

"मोजता येतं मला."

त्यानं पोरीचा नाद सोडला. विहिरीचा दोर दोन दिवसांपासून तुटून पडला होता, तो घेऊन तो ओसरीवर पाय पसरून बसला. दोन्ही टोकांचे पीळ उलगडून एकमेकांत विणू लागला, जहाजावर विणतात तसे, गाठ न मारता. मित्रा उंबऱ्यावरून पाहत होती. बऱ्याच वेळानं ती ठुमकत आली आणि एक पीळ ओढला. पंडितनं मान वर केली नाही. तो पीळ तिला देऊन टाकला आणि दुसरा धरला. ती त्याच्या नडगीवर बसली, ओट्यावर बसावं तशी.

"अहो, ती दोर तोंडात घालायलीय."

"घालू दे."

"धूळ हाय त्याला."

"अगं, माझ्या पायाला मुंग्या आल्यात," पंडित अगदी हळू म्हणाला. "तरी मी हलायलो का? तूबी हलू नको."

अर्धी उठलेली सुजाता परत बसली. आतून चांगुणाबाईनं चहाला हाक मारली. दोघांतलं कुणीच उठलं नाही.