पायांचा नकाशा
आमच्या सगुणाचा नवरा हरिश्चंद्र मुंबईत कारकून. चौतीस साली सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी मांडवीला आली, आणि तिच्या मागोमाग हाही बोटीतून उतरला, बगलेत एक अमेरिकन पुस्तक घेऊन. त्यात तळपायांचे नकाशे होते. ठरावीक जागी दाबलं की बाळंतकळा हलक्या होतात म्हणे. पंधरा दिवस त्याने व्याख्यानं देऊन आम्हाला पिडलं. मी सगुणाची काकू, चार बाळंतपणं झालेली. मलाही कळा म्हणजे काय ते त्यानेच समजावलं.

सगुणा आईविना वाढलेली, भित्री. "काकू, ह्यांनी सांगितलंय तसं झालं तर मी निभावेन गं," म्हणायची. मला तिची फार दया यायची.

एके दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. हरिश्चंद्र पडवीत खुर्ची टाकून बंद दारातून हुकूम सोडू लागला. "डावी टाच! आता अंगठ्याखाली!" गोदूबाई सुईण चाळीस वर्षं पहिलटकरणींचे तळवे खोबरेल लावून चोळत आलेली. ती आपल्या मनानेच दाबत होती, आणि सगुणाला खरोखर जरा उसंत मिळत होती.

दुपारी मूल खाली सरकलं. गोदूबाईचे हात तिकडे गुंतले, मी सगुणाला पाठीमागून धरून बसलेली. पाय सुटले तशी ती किंचाळली, "पाय दाबा गं कुणीतरी!" घरात आणखी बाईमाणूस नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाही, पण वेळच तशी होती.

गोदूबाई आतून ओरडली, "जावयबापू, माजं हात गुतलं. तुमी यवडं जानता, या नि पाय दाबा तिचं!"

हरिश्चंद्र ताडकन उठला आणि उंबऱ्याशीच थांबला. "मी? बायकोच्या पायांना हात लावू? लोकांना कळलं तर?"

सगुणाने ते ऐकलं. त्यानंतर तिने पायांचं नाव काढलं नाही. दात आवळून तिने मुलीला जन्म दिला.

बारशाला घर भरलं. हरिश्चंद्र पुस्तक उघडून पाहुण्यांना सांगत होता, "सगळा या शास्त्राचा गुण!" पाळण्याशी बसलेल्या सगुणाने लुगडं सारखं केलं, दोन्ही पाय त्याच्यापुढे लांब केले नि ती म्हणाली, "कुठे दाबायचं ते दाखवा ना सगळ्यांना. हात लावून."

गोदूबाई खुदकन हसली. हरिश्चंद्र घाईघाईने पानं उलटू लागला. पोर आता शाळेत जाते, त्याला ते पान अजून सापडलेलं नाही.