उजव्या दाराची काच

दिवाळीच्या आधी एका सकाळी जॉयसच्या पिकअपची काच खाली गेली, ती पुन्हा वर आलीच नाही.

वडगाव रासाईच्या पोल्ट्रीवरून अंड्यांचे ट्रे भरून ती निघाली होती. फाटकावरच्या माणसाला काही सांगायचं होतं म्हणून तिनं बटण दाबलं. काच गुमान उतरली. परत बटण ओढलं, तेव्हा दाराच्या पोटात कर्र असा आवाज झाला आणि थोड्या वेळानं तोही थांबला. काच पार आत बुडाली होती. हातानं ओढावी तर धरायला बोटभर कडही वर राहिली नव्हती.

पिकअप जुनं, डबल केबिनचं. तिच्या नवऱ्यानं, इमॅन्युएलनं, ते घेतलं तेव्हाही ते नवं नव्हतं. शिरूरला त्याचं छोटं गॅरेज होतं आणि जोडीला अंड्यांचा धंदा. पुढं गॅरेज बसलं. तो मस्कतला एका वर्कशॉपमध्ये लागला आणि अंडी, पिकअप, गिऱ्हाइकं सगळं जॉयसकडं आलं. मुलगी मिरजेला नर्सिंग शिकत होती. मिशनच्या जुन्या चाळीतल्या दोन खोल्यांत आता जॉयस आणि तिची सासू प्रेमाबाई, दोघीच.

त्या संध्याकाळी फोनवर तिनं काचेचं सांगितलं. इमॅन्युएलनं आवाज कसा झाला ते नीट विचारून घेतलं आणि तो म्हणाला, काचेची मोटर गेली. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको, गॅरेजमधली पोरं दाराच्या पॅनेलच्या क्लिपा तोडून ठेवतात. नाताळला येतोच आहे, मी करतो.

हे त्याचं काही नवं नव्हतं. मोरीतला नळ गळायला लागला तेव्हाही मी आल्यावर करतो. पडवीचा पत्रा उचकटला तेव्हाही तेच. मिक्सर, कपाटाचं कुलूप, शिवणयंत्राचा पट्टा, सगळं त्याच्यासाठी राखून ठेवलेलं. जॉयसला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर घरातलं काही मोडलं की तिला आतून बरंच वाटायचं. त्याला यायला आणखी एक कारण झालं, असं काहीतरी.

तिनं खताच्या पोत्यातला जाड प्लॅस्टिकचा कागद कापला आणि चिकटपट्टीनं खिडकीला लावला. गाडी पळायला लागली की तो असा फडफडायचा की मागून कुणी हॉर्न देतंय का तेही कळायचं नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलं की पट्टी सुटायची आणि धूळ, पाचट सगळं केबिनमध्ये. थंडी पडली तसा तिचा उजवा कान ठणकायला लागला. प्रेमाबाई रोज संध्याकाळी तव्यावर मीठ गरम करून, फडक्यात बांधून तिचा कान शेकायच्या.

डिसेंबरात करंज्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं, तेव्हा फोन आला. साहेब रजा देईना. वर्कशॉपमधली माणसं सोडून गेली होती, कामं तुंबली होती. उन्हाळ्यात बघू, इमॅन्युएल म्हणाला. जॉयस ‘बरं’ म्हणाली. तिकडच्या थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं आणि फोन ठेवला.

“तारीख सांगितली का?” प्रेमाबाईंनी विचारलं.

“न्हाई जमत म्हणतात.”

प्रेमाबाईंनी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. करंज्या दुसऱ्या दिवशी झाल्या. झाल्या तेवढ्या चाळीत वाटल्या.

नाताळ गेला. एका सोमवारी जॉयस तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून परतत होती. वाटेत सगळा कागदच उडून गेला आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसला. तो बिचारा पडता पडता वाचला. चांगला माणूस होता, भांडला नाही. कागदाची घडी करून तिच्या हातात देत तो म्हणाला, ताई, काच बसवून घ्या आता. जॉयस रस्त्याच्या कडेला गाडी लावून थोडा वेळ तशीच बसली. घडी मांडीवर होती. ती परत लावायचं तिच्या जिवावर आलं.

शिरूरच्या दुकानांत या जुन्या मॉडेलची मोटर मिळत नव्हती. एकानं सांगितलं, कासुर्डीला हायवेच्या कडेला भिमाजीचं भंगाराचं आवार आहे, तिथं बघा. तिसऱ्या दिवशी ती निघाली. न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून, पलीकडे दौंड तालुक्यात. नदीवरून गार वारं आलं आणि थेट कानात शिरलं.

भिमाजी उन्हात खुर्ची टाकून शेंगा खात बसला होता. कुठली बाजू, त्यानं विचारलं. डावी-उजवी एकमेकींना चालत नाहीत, भोकं उलटी असतात. जॉयस ड्रायव्हरची म्हणाली, तेव्हा तो तिला एका चेपलेल्या पिकअपकडं घेऊन गेला. अगदी तिच्या पिकअपसारखंच, फक्त पुढचा भाग नव्हता. त्यानं दार खोलून मोटर काढली, बॅटरीच्या दोन तारा लावून फिरवून दाखवली आणि बसवणार कोण, असं विचारलं.

“मीच,” जॉयस म्हणाली. तोंडातून निघून गेलं, आणि मग तिला कळलं की ते खरं आहे.

कारण तिला ते येत होतं. लग्न झाल्यापासून इमॅन्युएल अंगणात काही खोलायला बसला की उजेडाची बॅटरी तिच्या हातात असायची. इकडं धर, जरा खाली, माझ्या हातावर नको, स्क्रूवर. तो एकेक गोष्ट बोलत बोलत करायचा, स्वतःलाच सांगत असल्यासारखा. तिला वाटायचं आपण नुसता उजेड धरतोय. पण डोळे बघत होते आणि ते सगळं कुठंतरी साठत गेलं होतं.

शनिवारी दुपारी तिनं पिकअप कडुनिंबाखाली घेतलं. प्रेमाबाई स्टीलची वाटी घेऊन बाहेर आल्या. स्क्रू वाटीत ठेवायचे, हे त्यांनाही ठाऊक होतं. हँडलच्या मागचा स्क्रू, हात टेकायच्या जागेखालचे स्क्रू, मग पॅनेलच्या कडेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचकायचं. क्लिपा टप् टप् सुटत गेल्या. एकही तुटली नाही. आतला कागद सोलल्यावर दाराचं पोट उघडं पडलं. धूळ, पाचटाचे तुकडे आणि खाली बसलेली काच.

जॉयसनं आत हात घालून काच वर ढकलली. प्रेमाबाईंनी ती दोन्ही तळव्यांत धरली आणि जॉयसनं चौकटीला चिकटपट्टीनं ती नीट बांधून टाकली. मग मोटरचे तीन बोल्ट. दोन सुटले, तिसरा गंजलेला. तिनं त्यावर तेल सोडलं आणि दोघी पायरीवर बसून चहा प्यायल्या.

“इम्या असता तर बोल्टाशी बोलला असता,” प्रेमाबाई म्हणाल्या. “लहान व्हता तवा सायकलीशीबी बोलायचा.”

चहानंतर बोल्ट हलला. जुनी मोटर निघाली, भिमाजीची तिथं बसली. जॉयसनं वायरचा प्लग लावला, चावी फिरवली, बटण दाबलं. मोटर घुरघुरली, काच थरथरली आणि अडकली. तेवढ्यात प्रेमाबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसत त्यांनी चौकटीकडं बोट दाखवलं. चिकटपट्टी काढायची राहिली होती.

पट्टी काढली. काच खाली गेली. वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. चाळीतली दोन-चार माणसं गोळा झाली होती, त्यांनीही बटण दाबून बघितलं.

संध्याकाळी तिनं इमॅन्युएलला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न सांगता काच वर करून दाखवली. त्याचा चेहरा पडद्यावर होता, डोक्याला वर्कशॉपची टोपी. तो बघत राहिला. कुणी केलं, त्यानं विचारलं. मी आणि आईंनी, ती म्हणाली. अंगणात उभी होती ती, हाताला अजून काळं लागलेलं, आणि शाबासकीची वाट बघत होती.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. मग बोलावणं आलंय म्हणाला आणि फोन बंद केला.

त्या रात्री त्याचा फोन आला नाही. रविवारी चर्च सुटल्यावर आला. जॉयस गाडीत बसून प्रेमाबाईंची वाट बघत होती. त्यांच्या भेटीगाठी आटोपायला वेळ लागायचा. इमॅन्युएल आधी इकडचं तिकडचं बोलला. काचेचं नाव काढलं नाही. तिनं विचारलं, रागावलात का?

“राग न्हाई,” तो म्हणाला. “इथं खोलीत आम्ही सहाजण झोपतो. डोळा लागत न्हाई तवा मी ते दार खोलतो. मनातल्या मनात. आधी हँडलचा स्क्रू, मग खालचे, मग क्लिपा. मोटर बसवून काच वर घेईपर्यंत झोप लागती. दिवाळीपासनं हेच चाललंय. नळाचंबी तसंच, पत्र्याचंबी. तू काल दाखवलंस आन् मला वाटलं, आता तिथं माझं काय राह्यलं?”

पैसे पाठवणारा, रोज जेवलीस का विचारणारा हा माणूस तिकडं रोज रात्री त्यांच्या अंगणात येऊन बसत होता, आणि जॉयसला पत्ताच नव्हता.

“अहो, मी ते कुठं शिकले?” ती म्हणाली. “तुमच्याजवळ उभी राहूनच ना. काल आईंचे हात काचेला होते, बॅटरी धरायला कुणी नव्हतं. दिवसाउजेडी केलं म्हणून जमलं.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काचेसाठी तुम्ही यावं असं मला कधी वाटलंच न्हाई. एकदा नुसते या. काही मोडलेलं नसलं तरी या. शेजारी बसा, मी चालवते.”

काचेचा आवाज ऐकव, तो म्हणाला. तिनं फोन दाराला टेकवला आणि काच खाली-वर केली. तो लक्ष देऊन ऐकत होता. वर येताना जरा अडखळतीय, म्हणाला, बाजूच्या रबरात पाचट असेल, ओल्या फडक्यानं पुसून घे. ती हो म्हणाली. उन्हाळ्यापर्यंत थांबत न्हाई, साहेबाशी पुन्हा बोलतो, असंही म्हणाला. या वेळी तारीख त्यानं सांगितली नाही आणि तिनं विचारलीही नाही.

सोमवारी ती नेहमीसारखी तळेगावच्या बाजाराला निघाली. हवेत गारठा होता. तिनं बटण ओढलं आणि काच वरपर्यंत लागली. बाहेरचं वारं, ट्रॅक्टर, हॉर्न, सगळं एकदम लांब गेलं. इतके महिने कागदाच्या फडफडाटात तिला दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. आता मागच्या सीटवर ट्रे एकमेकांना घासत होते, तो बारीक आवाज येत होता. डावीकडच्या सीटचा पट्टा हुकावर हलत होता. केबिनमध्ये आपण एकट्याच आहोत हे तिला त्या शांततेत पहिल्यांदा इतकं कळलं.

कान मात्र दुखत नव्हता. न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत तिनं तसंच रेटलं. मग बटण दाबलं आणि काच चार बोटं खाली घेतली.

वारं आत आलं, त्याच्याबरोबर रस्त्याचा आवाजही. तिनं पदर कानावर ओढला, गिअर बदलला आणि तळेगावच्या रस्त्याला लागली.